पाच मिनिटं आणि आठ तास : इंचॉनच्या तळघरातली आग

१ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी सव्वासहाच्या सुमारास दक्षिण कोरियातल्या इंचॉन शहरात, चॉंगना भागातल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या तळघरात उभी असलेली मर्सिडीज ईक्यूई गाडी धुमसायला लागली. गाडी चार्जिंगला लावलेली नव्हती. २९ जुलैच्या संध्याकाळी ती तिथे उभी केली गेली आणि त्यानंतर सुमारे ५९ तास जागची हललीही नव्हती. सीसीटीव्हीत दिसतं ते असं: गाडीच्या पोटाखालून पांढरा धूर निघतो, दाट होत जातो आणि मग एकदम भडका उडतो.

आग पूर्ण विझायला आठ तासांहून जास्त वेळ लागला. ८७ गाड्या जळाल्या आणि ७८३ गाड्यांना धुराची आणि काजळीची झळ बसली. धूर छातीत गेल्यानं २३ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. मृत्यू कुणाचाही झाला नाही. पण पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या तळघराच्या छताखालूनच गेलेल्या असल्यानं दीड हजाराहून जास्त घरांचं पाणी तुटलं आणि शेकडो घरांची वीज गेली. भर उन्हाळ्यात अनेक कुटुंबांना निवारा केंद्रात दिवस काढावे लागले.

या घटनेची बातमी 'न विझणारी इलेक्ट्रिक गाडी' अशी जगभर फिरली. त्यात तथ्य आहे, पण ते एका गाडीपुरतं. एक गाडी का विझली नाही याचं उत्तर बॅटरीत आहे. बाकीच्या ८६ का जळाल्या याचं उत्तर मात्र तळघराच्या छताला लावलेल्या, आग विझवण्यासाठीच्या पाण्याच्या पाइपांत आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे पुढे जी चर्चा झाली आणि जे नियम सुचवले गेले, त्यातला बराचसा जोर चुकीच्या जागी लागला, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे प्रकरण सावकाश उलगडून पाहायला हवं.

बॅटरीच्या आत

या गाडीत फॅरासिस या चिनी कंपनीचे सेल होते, निकेल-कोबाल्ट-मँगनीज प्रकारचे. असे अनेक सेल एकत्र बांधून मॉड्यूल बनतं, मॉड्यूल जोडून पॅक बनतो आणि तो पॅक गाडीच्या फरशीखाली, मजबूत धातूच्या पेटीत बंद असतो.

एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट झालं की तो तापू लागतो. कारण कुठलंही असू शकतं: कारखान्यात राहिलेला दोष, खालून बसलेला मार, इन्सुलेशन फुटणं. साधारण १३० अंश सेल्सियसला दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळायला लागतो. मग शॉर्टसर्किट पसरतं आणि तापमान आणखी चढतं. सुमारे २०० अंशांच्या पुढे धन ध्रुवाचं रसायन स्वतःच मोडू लागतं आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. इथून पुढे सेलला तापायला बाहेरच्या कशाचीही गरज उरत नाही. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. एक सेल शेजारच्या सेलला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला, आणि असं करत आग पॅकभर चालत जाते.

सीसीटीव्हीतला तो पांढरा धूर नीट ओळखला पाहिजे. दिसायला तो वाफेसारखा असतो, पण त्यात बाष्प झालेलं इलेक्ट्रोलाइट (सेलमधला विद्युतवाहक द्रव), हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वायू असतात. तो पेट घेतो, आणि बंद जागेत साचला तर स्फोटही होऊ शकतो. शिवाय त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. ज्वाळा दिसत नाहीत म्हणून 'अजून पेटलेली नाही' असं समजून गाडीजवळ जाऊन वाकून पाहणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत धोक्याचा क्षण आहे.

आता विझवण्याचं बघू. आग विझवण्याची जुनी रीत तीन गोष्टींवर उभी आहे: जळण काढा, हवा तोडा किंवा उष्णता कमी करा. इथे जळण पेटीत बंद आहे. हवा तोडून फारसा उपयोग नाही, कारण उष्णता आतल्या रसायनातूनच तयार होते आहे. कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड मारला तर वरच्या ज्वाळा बसतात, पण आतलं तापणं चालूच राहतं आणि मिनिटाभरात ज्वाळा परत येतात. फोमचंही तसंच. उरते फक्त उष्णता काढणं, आणि त्यासाठी पाण्याइतकं स्वस्त आणि परिणामकारक दुसरं काही नाही. लिथियम म्हटलं की पाणी मारू नये, असा एक समज अजून टिकून आहे. तो या बॅटऱ्यांना लागू पडत नाही. त्यांत लिथियम धातूच्या रूपात नव्हे, तर संयुगांच्या रूपात असतं, आणि मोठ्या पॅकसाठी भरपूर पाणी हाच जगभरच्या अग्निशमन दलांचा मुख्य उपाय आहे.

अडचण पाण्याची नाही, पेटीची आहे. पावसात, चिखलात, साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तरी थेंब आत जाऊ नये अशी ती पेटी बनवलेली असते. जवान वरून मारतात ते पाणी गाडीच्या टपावरून आणि फरशीवरून वाहून जातं. तापलेल्या सेलपर्यंत पोचतं ते अगदी थोडं. म्हणून पाण्याचे आकडे एवढे फुगतात. इंचॉननंतर तीनच आठवड्यांत, १९ ऑगस्ट २०२४ला, कॅलिफोर्नियात इंटरस्टेट ८० महामार्गावर टेस्लाचा एक इलेक्ट्रिक ट्रक झाडावर आदळून पेटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या प्राथमिक अहवालाप्रमाणे तिथे सुमारे ५० हजार गॅलन, म्हणजे जवळपास १ लाख ९० हजार लिटर पाणी वापरलं गेलं. महामार्ग सुमारे १५ तास बंद होता.

तळघरात काय बदलतं

त्या ट्रकची आणि इंचॉनच्या गाडीची तुलना मला महत्त्वाची वाटते. ट्रक उघड्यावर होता. जवानांना लांब उभं राहून पाणी मारता येत होतं, धूर वर जात होता, रस्ता दोन्ही बाजूंनी बंद करता आला. आजूबाजूचं जंगल पेटू नये म्हणून विमानातून अग्निरोधक द्रवही टाकता आला. उघड्यावर पेटलेल्या इलेक्ट्रिक गाडीबाबत अनुभवी अधिकारी कधीकधी चक्क असा निर्णय घेतात की आसपासचं सांभाळायचं आणि गाडी जळून जाऊ द्यायची. पॅक पूर्ण जळला की त्यात उरलेली ऊर्जाही संपते आणि पुन्हा पेटण्याची भीती कमी होते. हा निर्णय हतबलतेतून येत नाही, तो शहाणपणाचा असतो.

तळघरात तो पर्यायच नसतो. गाडी जळू द्यायची म्हटलं तर वर माणसं राहतात, शेजारी दीड हात अंतरावर दुसरी गाडी असते, आणि छत ठेंगणं असल्यानं ज्वाळा वर जाण्याऐवजी आडव्या पसरतात. धूर छताला लागून सगळीकडे पसरतो आणि काही मिनिटांत जमिनीपर्यंत उतरतो. इंचॉनमध्ये मोठे बंब आत नेता येत नव्हते आणि दाट धुरामुळे आग नेमकी कुठे आहे तिथवर पोचणंच कठीण झालं होतं. जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा मर्यादित असते. त्यातली अर्धी जाण्यायेण्यात संपली, तर आगीशी झुंजायला उरते किती?

कोरियाच्या अग्निशमन दलाकडे साधनं नव्हती असं नाही. गाडीभोवती पाण्याची तात्पुरती टाकी उभारून पॅकच्या उंचीपर्यंत पाणी भरायचं, गाडीखाली सरकवलेल्या नळीतून वर फवारा मारायचा, आगरोधक ब्लँकेट टाकायचं, हे तंत्र तिथे चांगलं विकसित झालेलं आहे. पण या प्रत्येक साधनाला गाडीच्या चारही बाजूंना मोकळी जागा लागते आणि गाडीपर्यंत पोचता यावं लागतं. ब्लँकेटचा आणखी एक प्रश्न आहे, जो विक्रेते सांगत नाहीत: त्यानं ज्वाळा आणि काजळी रोखली जाते, पण रनअवे थांबत नाही, आणि आत साचलेल्या वायूला हवा मिळाली की एकदम भडका उडू शकतो. अप्रशिक्षित माणसाच्या हातात ते देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती पाच मिनिटं

या तळघरात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतावरून आपोआप पाणी फवारणारे नळ, होते. ते चालले नाहीत.

तिथे प्री-अ‍ॅक्शन प्रकारची यंत्रणा होती. अशा यंत्रणेत छताच्या पाइपांत एरवी पाणी नसतं. संवेदकांना आगीची चाहूल लागली की अलार्म पॅनलकडे संदेश जातो, पॅनल व्हॉल्व्ह उघडतं, पाइप भरतात आणि मग ज्या ठिकाणी उष्णता आहे तिथल्या स्प्रिंकलरची काचेची कुपी फुटून पाणी सुटतं. थंड प्रदेशात ही रचना निवडण्यामागे कारण आहे: हिवाळ्यात पाइपांतलं पाणी गोठून पाइप फुटतात. पण यात संवेदक, वायर, पॅनल, व्हॉल्व्ह अशी साखळी असते आणि तिची एक कडी तुटली तरी पाणी येत नाही.

इंचॉनच्या अग्निशमन विभागानं नंतर पॅनलमधल्या नोंदी काढल्या. आगीचा संदेश पॅनलला बरोबर मिळाला होता. पण व्यवस्थापन कार्यालयात रात्रपाळीला असलेल्या कर्मचाऱ्यानं व्हॉल्व्हकडे जाणारा आदेश थांबवणारं बटण दाबलं. सुमारे पाच मिनिटांनी ते परत पूर्ववत केलं गेलं. तोपर्यंत आगीच्या पट्ट्यातली संदेशवाहिनी जळून निकामी झाली होती, आणि व्हॉल्व्ह शेवटपर्यंत उघडला नाही.

ते बटण का दाबलं गेलं असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. मोठ्या इमारतींत खोटे अलार्म वाजत असतात: दमटपणामुळे, धुळीमुळे, एखाद्या बिघडलेल्या संवेदकामुळे. खोट्या अलार्मवर पाणी सुटलं की गाड्या भिजतात, तक्रारी येतात आणि बोलणी ऐकावी लागतात ती त्याच रात्रपाळीच्या माणसाला. त्यामुळे आधी थांबवायचं आणि मग बघायला जायचं, अशी सवय लागते. पेट्रोलच्या गाडीच्या आगीतही ही सवय वाईटच. पण बॅटरीच्या आगीत पहिल्या धुरापासून भडक्यापर्यंतचा वेळ इतका कमी असतो की खात्री करून घ्यायला उसंतच मिळत नाही. पोलिसांनी या प्रकरणात चौघांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला, त्यात रात्रपाळीचा कर्मचारी आणि अग्निसुरक्षेची जबाबदारी असलेले लोक होते. ते कायद्याला धरून असेल. पण एकट्या माणसाला एका बटणावर अख्ख्या तळघराचं पाणी बंद करता येतं ही रचनाच मला त्याहून मोठा दोष वाटतो.

स्प्रिंकलर चालले असते तर बॅटरी विझली असती का? नाही. पाणी छतावरून पडणार, पॅक फरशीखाली बंद. ती गाडी बहुतेक जळलीच असती. पण स्प्रिंकलरचं काम ते नव्हतंच. शेजारच्या गाड्यांचे पत्रे, टायर, प्लॅस्टिक थंड ठेवणं, धुराचं तापमान खाली आणणं, छताखालच्या वायर आणि पाइप वाचवणं आणि जवानांना आत शिरता येईल अशी परिस्थिती राखणं, हे त्याचं काम. त्याच वर्षी काही महिने आधी कोरियातच गुनसान शहरात एका गृहसंकुलाच्या तळघरात शेवरोले बोल्ट ही इलेक्ट्रिक गाडी पेटली होती. तिथे स्प्रिंकलर चालले, आग दुसऱ्या गाडीत गेली नाही आणि साधारण पाऊण तासात विझली. देश तोच, वर्ष तेच, जागाही तळघरच.

उलट बाजूचं उदाहरण १० ऑक्टोबर २०२३चं. लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाच्या बहुमजली पार्किंगमध्ये आग लागली, हजाराहून जास्त गाड्या नष्ट झाल्या आणि इमारतीचा काही भाग कोसळला. समाजमाध्यमांवर इलेक्ट्रिक गाडीला दोष देणाऱ्यांची झुंबड उडाली होती. अग्निशमन दलानं सांगितलं की आग एका डिझेल गाडीपासून सुरू झाली. त्या पार्किंगमध्ये स्प्रिंकलर नव्हते. आजच्या गाड्या आकारानं मोठ्या, आत प्लॅस्टिक भरपूर, आणि पार्किंगच्या खुणा मात्र जुन्याच अंतरावर. आग एका गाडीवरून दुसरीवर जाते ती यामुळे. पहिली गाडी कशावर चालते हा मुद्दा त्यानंतरचा.

चर्चा कुठे गेली

आगीनंतर कोरियात भीतीची लाट आली. कित्येक गृहसंकुलांनी इलेक्ट्रिक गाड्यांना तळघरात यायला मनाई केली. सोल महानगरपालिकेनं ९० टक्क्यांहून जास्त चार्ज असलेल्या गाड्यांना तळघरात प्रवेश देऊ नये अशी योजना जाहीर केली. यामागे थोडं शास्त्र आहे: बॅटरी जितकी भरलेली, तितकं रनअवे जोरदार. पण पॅक ऐंशी टक्के भरलेला असला म्हणून तो पेटत नाही असं नाही, आणि इंचॉनची गाडी चार्जिंगवर नव्हतीच. बॅटरी कुणी बनवली यावरूनही मोठा गदारोळ झाला आणि सरकारनं कंपन्यांना बॅटरी उत्पादकांची नावं जाहीर करायला लावली. ग्राहकाला ती माहिती मिळायलाच हवी, त्यात दुमत नाही. तळघरातल्या आगीवर मात्र तिचा काही परिणाम होणार नाही.

भीतीचं मोजमाप करायला आकडे आहेत. कोरियात इलेक्ट्रिक गाड्यांच्या आगी २०२१ मध्ये २४, २०२२ मध्ये ४३ आणि २०२३ मध्ये ७२ झाल्या. आकडा चढता आहे, कारण गाड्याही वाढल्या आहेत. स्वीडनच्या नागरी आपत्ती यंत्रणेनं २०२२ सालासाठी दिलेल्या आकडेवारीत इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मिळून सुमारे ६ लाख ११ हजार मोटारींमध्ये २३ आगी होत्या, तर सुमारे ४४ लाख पेट्रोल-डिझेल मोटारींमध्ये सुमारे ३,४००. जुन्या गाड्या आणि मुद्दाम लावलेल्या आगी यांचा वाटा पेट्रोल-डिझेलच्या बाजूला जास्त असणार, हे लक्षात घेऊनही फरक मोठा आहे. आग क्वचित लागते, पण लागली की विझवायला फार अवघड, अशी ही परिस्थिती आहे. तिथे गाड्यांवर बंदी घालून फारसं काही साधत नाही. एखादी पेटली तर ती एकटीच पेटेल अशी व्यवस्था करावी लागते.

त्या गाडीत नेमकं काय बिघडलं, हे शेवटी सिद्ध झालं नाही. बॅटरीवर नजर ठेवणारा संगणकीय भाग इतका जळला होता की त्यातून माहिती काढता आली नाही. पॅकच्या आत विद्युत बिघाड झाला असण्याची शक्यता तपासात पुढे आली, खालून बसलेला मारही नाकारता आला नाही, आणि पोलिसांनी कारण निश्चित करता येत नाही म्हणून तपास संपवला.

विझल्यानंतर

ज्वाळा गेल्या म्हणजे काम झालं, असं बॅटरीच्या बाबतीत नसतं. काही सेल जळलेले नसतात, काही अर्धवट इजा झालेले असतात, आणि त्यांत ऊर्जा शिल्लक असते. २३ मार्च २०१८ला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे अपघात होऊन जळालेली टेस्ला मॉडेल एक्स पाच दिवसांनी, जप्त गाड्यांच्या आवारात उभी असताना पुन्हा पेटली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०२० च्या अहवालात अशा अडकलेल्या ऊर्जेचा धोका सविस्तर मांडला आणि गाड्यांच्या कंपन्यांनी अग्निशमन दलांना दिलेल्या मार्गदर्शिका अपुऱ्या असल्याचं म्हटलं. जळालेली गाडी इतर गाड्यांपासून आणि इमारतींपासून सुमारे १५ मीटर दूर, उघड्यावर ठेवावी, अशी शिफारस केली जाते. इंटरस्टेट ८० वरच्या त्या ट्रकलाही हलवल्यावर उघड्या जागेत २४ तास नजरेखाली ठेवलं होतं. तळघरातून अशी गाडी बाहेर काढताना ओढगाडीचा चालक, तपास करणारे आणि पुढे भंगारवाला या सगळ्यांना तिची हकिकत कळवणं हे अग्निशमन दलाच्या कामाचाच भाग धरायला हवं.

६ सप्टेंबर २०२४ला कोरियाच्या सरकारनं जी एकत्रित योजना जाहीर केली, तिच्यात बॅटरी उत्पादकाचं नाव जाहीर करणं सक्तीचं करण्यापासून देशातल्या सर्व २४० अग्निशमन कार्यालयांना पाण्याच्या फिरत्या टाक्या आणि गाडीखालून फवारा मारणारी साधनं देण्यापर्यंत बरंच काही होतं. बातम्यांत मागे पडलेलं एक कलम मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं: नव्या इमारतींच्या सर्व तळघर-पार्किंगमध्ये ओल्या पाइपांचे स्प्रिंकलर बसवायचे. ओल्या यंत्रणेत पाइप कायम भरलेले असतात. कुपी फुटली की पाणी पडतं. पॅनलचा, वायरचा आणि बटण दाबणाऱ्या बोटाचा त्यात संबंधच येत नाही. गोठण्याचा प्रश्न पाइपांना उष्णतारोधक वेष्टन आणि तापवणारी तार लावून सोडवता येतो.

आधीच उभ्या असलेल्या इमारतींचं काम याहून किचकट आहे. कोरड्या यंत्रणेचे पाइप ओले करायचे तर गळती, गंज आणि पाण्याचा दाब सगळं नव्यानं तपासावं लागतं. ते होईपर्यंत निदान प्री-अ‍ॅक्शनचा व्हॉल्व्ह प्रत्यक्ष उघडून ठरावीक काळानं चाचणी घेणं, पॅनलवरच्या थांबवण्याच्या बटणाला कुलूप किंवा दुसऱ्या व्यक्तीची परवानगी जोडणं, ते दाबलं की अग्निशमन केंद्रात आपोआप संदेश जाईल अशी सोय करणं आणि वारंवार खोटा इशारा देणारे संवेदक लगेच बदलणं, एवढं तरी करता येतं. यातल्या कुठल्याही कामासाठी बॅटरीच्या रसायनात नवा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही.